म्हशीपायी गेलेला कॅमेरा

ताई, तुझ्या तेरवीसाठी परत पिंपळगाव राजाला एसटीतून उतरले, समोर चौकात तुझा फ्लेक्स लागलेला, आणि तो पाहून माझ्या पोटात दुखलं. असं लिहू नये. तुझी तेरवी नुकतीच झाली आहे, माझे डोळे अजून सुजलेले आहेत, बीबी गावच्या माझ्या शाळेतल्या बाया अजून माझ्याशी हळू आवाजात बोलतात. पण जन्मभर तुझ्याशी भांडताना मी कधी साखर पेरली नाही, आता तू गेल्यावर कशाला पेरू?

काय फ्लेक्स होता! तुझ्या प्रशांतनं कुठल्याशा साखरपुड्यातला तुझा फोटो दिलेला. फ्लेक्सवाल्यानं मागचा मांडव, खुर्च्या, आइस्क्रीमचं टेबल सगळं पुसून टाकलं आणि तिथं बर्फाचे डोंगर लावले. तू जन्मात बर्फ पाहिला नाहीस, पण तुला तो शोभत होता. तुला सगळंच शोभायचं. खाली शोकाकुल मंडळींची नावं होती, त्यात माझंही होतं, अगदी शेवटच्या ओळीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मेल्यावरसुद्धा फोटो हिचाच. मग रडू आलं. आधी जळफळाट आणि मग रडू, आपल्या दोघींचा क्रम पहिल्यापासून हाच होता.

भांडणाचं मूळ तसं सोपं. तू तिथं जन्मलीस आणि मी इथं. बाबा लोणारचे, पण तरुणपणी आफ्रिकेत गेलेले, केनियात किसुमू नावाच्या गावी रेल्वेत कारकून. तिथं एक थोरलं तळं, तळ्यापासून जवळच रेल्वेची घरं, त्यातल्या एका घरात आई आणि तू. मग इंग्रज तिथून गेले, नवं सरकार आलं, आणि नोकऱ्या तिथल्या माणसांना मिळू लागल्या. "त्यांचं काई चुकलं नाई, घर त्यांचं होतं," असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे. शेजारपाजारचे लंडनला गेले. बाबा लोणारला आले. बोटीनं मुंबई, रेल्वेनं जालना, तिथून एसटी. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. त्यानंतर दोन वर्षांनी मी जन्मले, तोवर सगळी मजा संपलेली होती.

बाबांजवळ तिकडे कॅमेरा होता. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं, तसला काळा डबा. त्या डब्यानं तुझं सगळं बालपण टिपून ठेवलं. तू पाळण्यात, तू इंजिनाच्या पायरीवर, तू बोगनवेलीखाली, तू फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी धरून. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत तुझ्या मागे किंवा शेजारी आई. काय आई होती ती! सायकलवर बसलेली, मनगटावर घड्याळ, डोक्यावर पदर नाही, आणि हसतेय. सगळे दात दिसतील अशी हसतेय.

माझा जन्मातला पहिला फोटो दहावीच्या परीक्षेसाठी मेहकरला काढला. त्यात मी नुकत्याच पकडलेल्या चोरासारखी दिसते. त्याआधी मी कशी होते, गोरी होते की काळी, गुबगुबीत होते की हाडकुळी, काही सांगता येत नाही. तू म्हणायचीस, "माकडावानी होती." मला ते मानावं लागायचं, कारण माझ्याकडे पुरावा नव्हता.

आणि नुसत्या फोटोचं मला एवढं नव्हतं गं. माझ्या वाट्याला आली ती आई वेगळी होती. झऱ्याच्या धारेवरून पाणी आणणारी, चार माणसांत तोंड न उघडणारी, पदर कपाळापर्यंत ओढलेली. वाईट नव्हती. मला तिनं कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण हसायची ती ओठ मिटून, तेही पाहुणे आले तर. तू अल्बम उघडायचीस आणि मी त्या सायकलवरच्या बाईकडे पाहत बसायचे. ही माझी आई आहे आणि ही मला कधी भेटलेलीच नाही, असं वाटायचं. मला जन्मभर एकच फोटो हवा होता. आई हसतेय आणि तिच्याजवळ मी. तसा फोटो नाही हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि तुझ्याजवळ तसले फोटो ढिगानं होते.

अल्बम पाहायचा म्हणजे तुझे नियम किती! दुपारी जेवणं झाली की तू सतरंजी टाकायचीस, हात धुवायचीस, फडक्याला पुसायचीस. मी समोर बसायचं, शेजारी नाही. "हात मांगं घे. ठसे उमटतात." मग तू काळ्या जाड कागदाची ती पानं उलटायचीस, मधला पातळ कागद अलगद बाजूला करायचीस, आणि मला सगळं उलटं दिसायचं. आई उलटी, सायकल उलटी, तू उलटी. बोट ठेवून सांगायचीस, हे अमकं, हे तमकं. शेवटच्या पानावर तो तळ्याचा फोटो होता. आई आणि बाबा शेजारी उभे, मागं पाणी, त्यामागं झाडांनी भरलेला चढ. आईच्या एका हातात परडी, आणि ती मान मागं टाकून हसतेय, इतकी की डोक्यावरचा पदर पार खांद्यावर आलाय. सगळ्या फोटोंत हसरा फोटो तोच. मी प्रत्येक वेळी विचारायचे, "हा कुठला व ताई?"

"किसुमूचा. दुसरा कुठला असन?" असं म्हणून तू अल्बम मिटायचीस.

मला ते पटायचं. आपल्या घरात हसरं म्हणून जे काही असेल ते किसुमूचंच असायचं. आंबा गोड निघाला की आई म्हणायची, तिकडं असे मिळायचे. वारा सुटला की बाबा म्हणायचे, तिकडं संध्याकाळी असाच सुटे. लोणारला जे व्हायचं ते सगळं आंबट, खारट आणि उन्हातलं. आणि तू तर आपल्या तळ्याला तळं म्हणायलासुद्धा तयार नव्हतीस. कुठून कुठून माणसं येतात ते पाहायला, आकाशातून दगड पडला आणि झालं म्हणतात, आणि तू काठावर उभी राहून नाकाला ओढणी लावायचीस. "डबकं हाय. बोट चालते का याच्यात?" मी लोणारची पोट्टी, मला ते लागायचं. तू माझ्या गावाला नाक मुरडायचीस म्हणजे मलाच मुरडायचीस, असा माझा हिशेब होता.

तुझी नुसती ऐट बघूनही मी जळायचे. म्हशीला हाकताना तू "पोले पोले" म्हणायचीस, म्हणजे हळू हळू. सगळं गाव चहात दूध घालायचं, तू एकटी कोरा चहा प्यायचीस, आणि बाया एकमेकींना कौतुकानं सांगायच्या, आफ्रिकेची सवय आहे तिची. मीही एकदा कोरा चहा पिऊन पाहिला. कडू लागला, तरी प्यायले. "हे कोणाचं पाहून?" आई म्हणाली, आणि माझ्या कपात दूध ओतलं. आणि कुठं चार माणसांचा फोटो निघत असला की तू सगळ्यांच्या पुढं उभी राहून बाबांसारखं मोजायचीस, "मोजा, म्बिली, तातू!" तिकडच्या भाषेत एक, दोन, तीन. तातूला सगळ्यांनी हसायचं. पण तुझ्या हातात कोणी कॅमेरा दिला, पुढं मोबाइल दिला, की तू हात मागं घ्यायचीस. "मी नाई काढत फोटो." मला वाटायचं, महाराणीला फक्त काढून घ्यायची सवय आहे.

तुझ्या लग्नात आईनं अल्बम तुला दिला. मी शाळकरी होते, पण मला तो क्षण नीट आठवतो, तिनं तो नव्या साडीत गुंडाळून तुझ्या पेटीत तळाशी ठेवला. मी म्हटलं, "मले काय?" आई म्हणाली, "तिच्या आठवणी हायेत त्या. तुले काय कराच्या?" पुढं माझ्या लग्नात मला पितळेची परात मिळाली. चांगली जड आहे, अजून वापरते. पण परातीत कोणी हसत नाही.

आता तू म्हणशील, हिला एवढंच आठवतं. नाही गं. मला डी.एड.ला बुलडाण्याला पाठवायचं नाही असं बाबांनी ठरवलं, तेव्हा तू पिंपळगावहून लहानग्या प्रशांतला कडेवर घेऊन आलीस आणि दारातच बसलीस. घरात ये म्हटलं, आली नाहीस. जेव म्हटलं, जेवली नाहीस. "तिले शिकू द्या, मंग जेवतो," एवढंच. बाबा दुपारपर्यंत टिकले. माझी नोकरी, माझ्या बांगड्या, माझं बोलायचं धाडस, सगळं त्या दारातून आलं. हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू "मंग!" म्हणून मान उडवली असतीस, आणि ती उडवलेली मान मला सहन झाली नसती.

आणि आई गेली त्या दिवशी तू मला तिच्या उशाशी बसवलंस. "तू बस तेथं, धाकटी होय ना तू," म्हणालीस आणि स्वतः पायाशी बसलीस. केवढं मन! मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. पण ताई, उशाशी बसलेलं माणूस निजलेल्याला दिसत नाही. आई शेवटपर्यंत समोर पाहत होती, आणि समोर तू होतीस. तू काही ठरवून केलं नव्हतंस हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

तुझ्या शेवटच्या आजारात मी रजा टाकून पिंपळगावला येऊन राहिले, तेव्हा ठरवलं होतं की आता भांडायचं नाही. चार दिवसही जमलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात ताकद नाही, दूध द्या. मी चहात चांगलं घट्ट दूध घातलं आणि कप तुझ्यापुढं धरला. तू बोटानं मागं सारलास.

"मले कोरा दे."

"आता तरी सोड ते आफ्रिकेचं खूळ," मी म्हणाले. "इथं कोण पाहून राह्यलं तुही फॅशन?"

तू भिंतीला टेकून बसली होतीस. तुझ्या डोळ्यांत जुना राग आला, मला एका परीनं बरंच वाटलं, म्हटलं जीव आहे अजून.

"आफ्रिकेचं काय बोलतं व? आफ्रिकेत मी पेलाभर दूध पेत होती. तुह्या म्हशीपायी सोडलं मी."

"माही म्हैस? कोणती?"

"काळी. तू झाली तवा आणलेली." आणि मग तू धाप लागत लागत सांगितलंस. मी जन्मले तेव्हा आईला दूध आलं नाही. मी रडून रडून निळी पडायचे. घरात विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती. बाबांनी मेहकरच्या एका फोटोवाल्याला कॅमेरा दिला आणि बाजारातून म्हैस आणली. "तो कॅमेरा माहा होता, मंदे. बोटीवर मी रडून राह्यली होती, तवा बाबांनी मले कबूल केला होता. म्हने, किसुमू राहू दे, हा तुले. शिकवलं बी होतं मले. अन् एक दिवस शाळेतून आली तर खुंटीवर कॅमेरा नाई, अन् अंगणात म्हैस."

मी दुधाचा कप खाली ठेवला.

"लेकराच्या तोंडचं दूध कसं काढू? म्हनून म्या आपलं दूध सोडलं. लहान होती. वाटलं, आई विचारन काऊन पेत नाई. कोणीच विचारलं नाई. सारे तुह्याकडं पाहात होते."

एवढी वर्षं बायांनी ज्या कोऱ्या चहाचं कौतुक केलं, तो बारा वर्षांच्या पोरीचा रुसवा होता. तो तू अडुसष्टाव्या वर्षापर्यंत नेलास. माझ्यावर जळत होतीस तू! मी, जिच्या अंगावर नवीन फ्रॉक नाही, जिचा एक फोटो नाही, तिच्यावर. त्या वेळी मी तुला जवळ घ्यायला हवं होतं असं कोणीही म्हणेल. पण माझं डोकं दुसरीकडेच धावलं. मी म्हणाले, "म्हणजे मी होईलोक, दोन वर्षं, कॅमेरा लोणारात होता? मंग लोणारचा एक बी फोटो काऊन नाई?"

तू तोंड फिरवलंस. "पाणी दे," म्हणालीस.

मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर आपलं बोलणं औषधाचं, उशीचं, खिडकी लावू की उघडी ठेवू, एवढंच झालं. त्याच आठवड्यात एका सकाळी तू गेलीस. माझा प्रश्न तसाच राहिला.

तेरवीसाठी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. प्रशांत म्हणाला, "मावशी, अल्बम तूच पाह्य. मम्मीनं आमाले कोणाले हातच लावू देला नाई." म्हणजे मला वाटायचं की फक्त मलाच बंदी आहे, तर तसं नव्हतं. मी हात धुतले, फडक्याला पुसले. मग अल्बम मांडीवर घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा मला सगळं सुलटं दिसलं.

तुझा एकही फोटो उपयोगाचा नव्हता. सगळ्यांत तू फ्रॉक घातलेली पोर. फ्रॉकमधल्या पोरीला हार घालून आजी म्हणून कसं लावायचं? पानं उलटत मी शेवटच्या फोटोवर आले. आई, बाबा, पाणी. जुन्या सवयीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. आणि मग, समोर तुझं बोट नसल्यामुळे म्हण, मी बाबांकडे पाहिलं. बाबा. अल्बमभर बाबा कुठेच नाहीत, कारण डबा कायम त्यांच्या पोटाशी. या एकाच फोटोत ते उभे आहेत. मग फोटो काढला कोणी?

फोटो काळ्या कागदाच्या चिरांत खोचलेला होता. मी तो हळूच ओढून काढला. त्याचा खालचा बोटभर भाग कागदाखाली दडलेला होता, तो इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे अगदी ताजा राहिला होता. त्या भागात जमिनीवर एक सावली पडलेली. लांबच लांब, मान खाली घातलेली, पोटाशी काहीतरी धरल्यामुळे दोन्ही कोपरं बाहेर आलेली. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना रिबिनीनं वर बांधलेल्या दोन वेण्या.

सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढला की काढणाऱ्याची सावली आत येते. बाबांनी कधी अशी चूक केली नसती. ही चूक नव्या हाताची होती.

मग मागचा चढ मला ओळखू आला. मी त्या चढावरून आयुष्यभर चढले-उतरले आहे, आणि तरी मी तो ओळखला नव्हता, कारण तो किसुमूचा आहे असं तू सांगितलं होतंस. तिथल्या बाभळी, कडेला आलेला देवळाचा काळा दगड, सगळं आपलं. आपलं डबकं. आईच्या हातातली परडी ओटीची होती, ती खाली कमळजा देवीची ओटी भरायला उतरली होती. आणि तिचा दुसरा हात पोटावर होता. पोट चांगलं दिसत होतं गं, कोणालाही दिसलं असतं. पण मी कधी पोटाकडे पाहिलंच नव्हतं, मी नेहमी तिच्या हसण्याकडेच पाहत राहिले.

प्रशांत आला. "सापडला का फोटो?"

मी त्याच्या हातात दिला. "हे तं आजी-आजोबा," तो म्हणाला. "मम्मी कुठं हाय याच्यात?"

मी सावलीवर बोट ठेवलं. त्यानं फोटो खिडकीशी नेला, तिथं उभा राहून खूप वेळ पाहिला. "दोन वेण्या," म्हणाला. मग नाक पुसून म्हणाला, "हाच मोठा करून आणतो ना, मावशी. आजी नाई, आजोबा नाई, मम्मी बी गेली. हार घालाले हरकत नाई."

"याले हार घालू नको."

"काऊन?"

"ज्या फोटोत जिवंत माणूस असते त्याले हार घालत नाईत. माहीत नाई का तुले?"

त्यानं पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या पोटावरच्या हातावर बोट ठेवलं. फोटो त्यानं तुझ्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. तेरवीला भिंतीवर बर्फाच्या डोंगरांतलीच तू लागलीस. त्यातही छान दिसत होतीस.

तर ताई, फोटो आता माझ्याकडे आहे. बीबीला, माझ्या टेबलावर, मी लिहितेय तिथंच. आता सांग, का नाही सांगितलंस? मी दोन कारणं शोधली आहेत. एक म्हणजे सावली. बाबा रागावले असतील, "फोटो बिघडवला," म्हणाले असतील, आणि तू लाजेनं तो बोटभर भाग कागदाखाली खोचला असशील. तुझ्या हातचा पहिला फोटो, आणि बहुतेक शेवटचाही. दुसरं कारण म्हणजे मी. कॅमेरा माझ्यापायी गेला, आईचं लक्ष माझ्यापायी गेलं, आणि वरून हा फोटोही माझाच आहे असं सांगायचं तुला नको वाटलं असेल. किसुमू म्हटलं की तो तुझा राहत होता. मला वाटतं दोन्ही खरं आहे. मला राग आला. खूप आला. पन्नास वर्षं मी ज्या फोटोवर जळले, त्या फोटोत मी होते, आणि तू समोर बसून पान मिटत होतीस! पण तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि बहुतेक तो फोटो जाळलाही असता. तू ठेवलास.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा पाहते. आई हसतेय कोणाकडे बघून? कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे. तू मान खाली घालून मोठ्या ऐटीत बाबांसारखं मोजलं असशील, मोजा, म्बिली, तातू, आणि तिला हसू आवरलं नसेल. लोणारात, उन्हात, त्या खाऱ्या पाण्याकाठी. म्हणजे तिचं हसणं बोटीत राहिलं नव्हतं, ते इथंवर आलं होतं. आणि ते पुन्हा तुलाच मिळालं. बघ, हे लिहितानाही पोटात दुखलं.

पण मी कुठं होते ते आठव. तू ते हसू लांबून पाहिलंस, तेही डब्याच्या काचेतून, बोटभर. आई तशी पोट धरून हसली तेव्हा मी त्याच हाताखाली होते. मला ते दिसलं नाही, पण मी त्या हसण्यानं हलले असणार. तुझ्या सगळ्या अल्बमात असा एकही फोटो नाही. आता तू जळ.

आणि आता तू पुन्हा माझ्याआधी तिच्याकडे पोचलीस. बाबा असतील, आई असेल, कदाचित कॅमेराही परत मिळाला असेल तुला. मिळाला असेल तर सूर्य पाठीशी घेऊ नकोस. सगळ्यांना नीट उभं कर, आईच्या शेजारी एक जागा सोड, आणि मोजा म्हण, म्बिली म्हण, आणि तिथं थांब. तातू मी आल्यावर.